लॅग

भोसरीत, टी ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
तिसऱ्या शटरच्या आत
चेनब्लॉकला लटकलंय इंजिन.
सहा सिलिंडर, जपानी, टर्बोसकट.
कुठल्या तरी ठोकलेल्या गाडीतून निघालं
आणि न्हावाशेव्याहून टेम्पोत आलं
गोणपाटात गुंडाळून.

खाली कॉन्टेसा, आ वासून.
बोनेट भिंतीला टेकवलंय,
मागची सीट गेली, काचा गेल्या,
दारांच्या आतला पत्रा गेला, हॉर्नही.
ऋता म्हणाली, पाव मैलात
समोरून कोण येणारे? वाजवू कुणाला?

याकूबचाचा साखळी सोडतात
कडीमागून कडी.
इंजिन उतरतं, डुलतं, कुशीवर होतं,
आणि तीन सूत अडतं.

तीन सूत म्हणजे करंगळीचं नख.
तेवढ्यासाठी परत वर, परत ग्राइंडर,
मागच्या भिंतीला चौकट कापली
तेव्हा शेजारच्या प्रेस शॉपची पहिली पाळी सुटली होती
आणि आमचा चहा तिथल्यांनीच पिऊन टाकला.

गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्यातला.
आठ बोल्टांतले तीनच गुण जुळले,
म्हणून मी मध्ये प्लेट घातली,
अठरा मिली जाड, चार रात्री घासलेली.
लग्नं याहून कमी तयारीत लागतात, चाचा म्हणाले.

मी तोतरा.
शाळेत माझं 'हजर' येईस्तोवर
बाई पुढच्या दोघांवर गेलेल्या असत.
बँकेत माझं नाव
काउंटरवालाच पुरं करतो, बहुतेक वेळा चुकीचं.
लेथपाशी बरं असतं. तिथं कुणी विचारत नाही.

टर्बो मी ऋताला समजावला तो कागदावर:
बाहेर टाकायचा धूर, उष्टा,
जाता जाता एक चाक फिरवतो,
त्या दांड्यावरचं दुसरं चाक
ताजी हवा कोंबतं आत.
पाय दाबला आणि जोर आला
यांच्यामध्ये एक जागा रिकामी.
तिला लॅग म्हणतात.

कमी करता येईल?

पाइप आ... आ... आखूड करू, म्हणालो.
ती थांबली होती.
हिचा सगळा धंदा सेकंदाच्या शंभराव्या भागाचा,
आणि घड्याळाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री पावणेतीनला
सेल्फ मारला.
एकदा नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा
पत्र्याचं छप्पर थरथरलं,
फळीवरची पानं एकमेकांवर वाजायला लागली,
चाचांनी टोपी काढून परत घातली.

मग मला दिसलं.
टर्बोच्या खालून तेलाची पिवळी रेघ
लाल व्हायला लागलेल्या लोखंडाकडे निघालेली.
बंद कर, म्हणायचं होतं.
ब.
ओठ मिटले ते मिटलेच.
ब वर अख्खी भोसरी येऊन बसली.
मानेच्या शिरा, डोळे, हातातला तेरा-चौदाचा पाना,
सगळं लागलं ढकलायला.

ऋतानं माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि चावी फिरवली.

शांत. थोडा धूर, जळक्या तेलाचा वास,
कुठंतरी नळ गळतोय.
आणि तेव्हा, पूर्ण दाबानं,
छपराला लागून परत यावा असा
माझा शब्द निघाला:
बंद कर!

चाचा आधी हसले. मग ती.
मग मीही, हसण्यात मी कधी अडखळत नाही.

चूक माझीच होती. टर्बोत तेल
पंप ढकलतो, ते कुठूनही चढतं,
परतताना मात्र ते आपल्या वजनानंच येतं,
त्याला उतार लागतो.
मी परतीचा पाइप दोन बोटं वर वळवून नेला होता,
दिसायला नीट दिसावं म्हणून.

सकाळी नवा कापला.
ऋता बॅटरी धरून खाली वाकली,
म्हणाली, नीलकंठ, पट्टीवर तू कुठं उभा राहणार?

सुरुवातीला, म्हणालो.
एका दमात आलं.
शेवटच्या टोकाला गर्दी असते सगळ्यांची.
मला तो अर्धा सेकंद ऐकायचाय,
पाय दाबल्यानंतरचा.